कानांची वही

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्यांचा जुडगा सिस्टरच्या हातात होता. आणि वरच्या कप्प्यात जिथं पत्र्याचा डबा असायचा, तिथं धुळीत एक कोरा चौकोन तेवढा उरला होता.

"काल दुपारपर्यंत इथंच होता," सिस्टर म्हणाली. "देवाशपथ, इथंच होता!"

बुधवार, सकाळचे सव्वादहा. कारखान्याच्या दवाखान्यात आम्ही तिघी उभ्या होतो: सिस्टर, माझी आत्या आणि मी. भिंतीपलीकडे हॅमर धडाडत होते आणि टेबलावरच्या औषधांच्या बाटल्या दर ठोक्याला नाचत होत्या.

त्या डब्यात कामगारांच्या कानांची वही होती. दरवर्षी प्रत्येकाची ऐकण्याची चाचणी व्हायची. ज्याचं त्याचं एक पान ठरलेलं, आणि वर्षाला एक ओळ. माझे बाबा सव्वीस वर्षं भिंतीपलीकडच्या शॉपमध्ये, लोखंड ठोकायच्या खात्यात, हॅमरवर उभे होते. लालभडक लोखंड चिमट्यात धरायचं, वरून टनभर वजन कोसळायचं, की पुढचा तुकडा. आता त्यांना दारावरची बेल ऐकू येत नव्हती, कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. आम्ही हसलो की तेही हसायचे, पण आमचे चेहरे बघून, जरा उशिरा. बाबांनी भरपाई मागितली, तर कंपनीनं उत्तर पाठवलं की वय झालं की कान जातातच. बाबांचं वय एक्कावन्न!

उद्या अकरा वाजता कोर्टात शेवटची तारीख होती. वही हजर करा, असा हुकूम झाला होता, आणि आदल्या दिवशी आमच्या बाजूच्या दोघांनी कारखान्यात येऊन ती पाहावी, अशी परवानगीही होती. दुपारी दोनपर्यंतच.

मी लगेच वकीलबाईंना फोन लावला. "वही हरवली म्हणजे ठपका कंपनीवरच येणार," त्या म्हणाल्या, "पण ठपका वेगळा आणि पुरावा वेगळा. वरच्या कोर्टात ते सहज सुटतील. मला ती वही हवी. कुठूनही, कशीही!"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या बाबांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. समोरचा 'हॅलो' म्हणण्याआधीच त्याच्या श्वासावरून माणूस ओळखायची. मी चष्म्याच्या दुकानात कामाला. त्यामुळे डोळ्यांचं खातं माझ्याकडे, कानांचं तिच्याकडे, अशी आमच्या घरची वाटणी होती.

आत्यानं पदर खोचला. "पावणेचार तास आहेत. सिस्टर, खाली बसा. पाणी प्या. आणि काल काय घडलं ते एकही गोष्ट न गाळता सांगा."

२

सिस्टरनं सांगितलं ते असं.

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला भट्टीजवळ एक कामगार चक्कर येऊन पडला. सिस्टर धावली. त्या घाईत जुडगा टेबलावरच राहिला. पर्सोनेलचे साहेब तेव्हा दवाखान्यातच होते, तेही तिच्या मागोमाग धावले. मागे दोघे उरले. एक स्टोअरकीपर, तो बँडेजचं खोकं पोचवायला आला होता. दुसरा क्रेनवाला, बोटाला पट्टी बांधून घ्यायला बसलेला. दहा मिनिटांनी सिस्टर परतली तेव्हा किल्ल्या जागेवर होत्या आणि खोलीत कुणी नव्हतं.

"दुसरी किल्ली?"

"साहेबांच्या केबिनमध्ये, खिळ्यावर."

म्हणजे तीन माणसं. मी मनात तिघांना एका ओळीत उभं केलं आणि साहेबांवर बोट ठेवून मोकळी झाले.

"डब्यात आणखी काय होतं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही हो. वही, दोन पेनं आणि माझं जुनं घड्याळ. पट्टा तुटलेलं. दर तासाला टीं-टीं करायचं मेलं. साहेबच परवा म्हणाले, हे काय किणकिणतंय? डोकं उठलं. म्हणून टाकलं डब्यात."

"साहेब म्हणाले?"

"हो. त्यांच्यादेखतच टाकलं."

आत्यानं मान हलवली आणि दुसराच प्रश्न काढला. "डबा केवढा?"

सिस्टरनं हातानं दाखवलं. मोठ्या बिस्किटांचा असतो तेवढा.

आम्ही तशाच फाटकावर गेलो. तिथला वॉचमन छाती काढून म्हणाला, "बाई, गेल्या महिन्यात तांब्याची वायर चोरीला गेली, तेव्हापासून टाचणी बाहेर जात नाही! साहेबांच्या गाडीची डिकीसुद्धा उघडतो मी. काल? काल पत्र्याचा डबा? शक्यच नाही."

"भिंतीवरून टाकला तर?"

"पलीकडे नाला आहे आणि अलीकडे माझे दोन कुत्रे. टाकून बघा."

परत येताना आत्या माझा दंड धरून कुजबुजली, "म्हणजे डबा अजून आतच आहे!"



३

साहेबांची केबिन काचेची होती. दार लावलं की बाहेरचा धडधडाट एकदम लांब जायचा. कोपऱ्यात त्यांची टायपिस्ट बसली होती. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"तुम्हाला वाटत असेल मीच उचलली," ते म्हणाले. "बाई, कायद्यानं ठेवायची वही हरवली तर उद्या कोर्टात माझी मान जाणार, मालकाची नव्हे. शिवाय कोर्टाचं पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलंय. पापच करायचं असतं तर तेव्हाच निवांत केलं असतं ना?"

"वहीत काय लिहिलंय ते वाचलं होतं तुम्ही?"

साहेब घुटमळले. "आकडे असतात नुसते. सिस्टर लिहिते, मी सही करतो."

"म्हणजे सव्वीस वर्षं कान मोजले आणि वाचले कुणीच नाहीत."

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत आले होते. आत्या काहीतरी विचारणार होती, पण अर्ध्या वाक्यात थांबली आणि सेकंदकाट्याकडे बघत बसली. अकरा वाजले. काटा पुढं सरकला. टायपिस्ट आमच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघत होती. म्हातारपण, मला वाटलं, धागा सुटला असेल.

"येतो आम्ही," आत्या एकाएकी उठली.

बाहेर येताच मी विचारलं, "काय झालं गं?"

"काहीच झालं नाही. हेच तर महत्त्वाचं."

साडेअकराला क्रेनवाला पट्टी बदलायला दवाखान्यात आला. शॉपच्या छताला लागून जी मोठी क्रेन फिरते, तिच्या उंच केबिनमध्ये दिवसभर मान लांब करून खाली बघत बसायचा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. माझा तो बगळाकाका. बाबा आणि तो एकाच दिवशी कामाला लागले होते. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून मी जत्रेत फिरावं तशी अख्खी गल्ली फिरलेय.

"ताई, तुम्ही कशाला दगदग केलीत?" तो आत्याला म्हणाला. डोळे तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. "काल मी इथं बसलो होतो खरा. पण कंटाळून निघून गेलो. स्टोअरवाला होता मागं."

"डबा पाहिला होतात?"

"नाही, ताई."

आत्या खिडकीकडे वळली, बाहेर बघत सहज विचारल्यासारखं म्हणाली, "आणि मग ही पट्टी कधी बांधली?"

"गट्टी?" बगळाकाकाचा आवाज दाटून आला. "आमची गट्टी सव्वीस वर्षांची, ताई. एका ताटात जेवलोय आम्ही."

मला भरून आलं. आत्या मात्र खिडकीतून वळली ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत. तिचे डोळे असे चमकत होते, जसे एक्स्चेंजमध्ये तुटलेली लाइन सापडल्यावर चमकत असावेत.

४

राहिला स्टोअरकीपर. त्याच्या खोलीत रॅकच रॅक होते आणि एका रॅकवर कानात घालायच्या बोळ्यांची पाकिटं खच्चून भरलेली. धूळ बसलेली.

"ही वाटली नाहीत?" मी भडकले.

तो घामाघूम झाला. "मागितली तर देतो. पण घातली की फोरमन ओरडतो, हाक ऐकू येत नाही म्हणून. मग कुणी मागत नाही. आणि रजिस्टरला मी वाटल्याचं लिहितो." मग घाईघाईनं म्हणाला, "पण वही मी नाही हो उचलली! मी तर सिस्टर गेल्यावर लगेच..." तो मध्येच थांबला. "एक मिनिट. मागच्या मोरीतला नळ ठिबकतोय." तो लांबच्या टोकाला जाऊन नळ बंद करून आला.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. आत्या गालात हसली.

बाराला ती पुन्हा गप्प झाली. पुन्हा घड्याळाकडे नजर. स्टोअरमध्ये शुकशुकाट. बारा वाजून गेले.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा माझा धीर सुटला होता. "दोन तास राहिले, आत्या! आणि आपल्याजवळ काय आहे? याचं बोळ्यांचं बिंग त्या वहीनं फुटलं असतं. साहेबांची नोकरी टांगणीला. कुणीही असू शकतो!"

"चल, त्या बाकावर बैस." तिनं मला ओढत नेलं. "आता नीट ऐक. डबा कारखान्याच्या आत आहे. डब्यात काय आहे?"

"वही. पेनं. घड्याळ."

"घड्याळ काय करतं?"

"दर तासाला..." म्हणता म्हणता मी बाकावरून अर्धी उठले.

"दर तासाला टीं-टीं करतं! काल दुपारी तीनपासून करतंय. साहेबांच्या केबिनमध्ये असतं तर त्यांनी नाहीतर त्या टायपिस्टनं ऐकलं असतं. मीही अकराला ऐकलं असतं. स्टोअरमध्ये असतं तर बाराला. शिवाय साहेबांना ते घड्याळ ठाऊक होतं. त्यांनी डबा उचलला असता तर आधी घड्याळ काढून फोडलं असतं. स्टोअरकीपरला पन्नास पावलांवरचं ठिबकणं ऐकू येतं, त्याला काखेतला डबा वाजलेला कळणार नाही? त्यानंही ते पहिल्या तासालाच बंद केलं असतं. पण डबा काल उचललाय आणि आज सकाळपर्यंत कुणी घड्याळ फेकलेलं नाही. मघाशी मी झाडूवाल्याला विचारलं, कचऱ्यात नाही, मोरीत नाही. म्हणजे चोराला घड्याळ वाजतंय हे माहीतच नाही."

"माहीत कसं नाही?"

आत्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "तुझ्या बापाला माहीत झालं असतं?"

पट्टी. गट्टी. चेहऱ्यावरून न हलणारे डोळे.

"पण बगळाकाकाचे कान चांगलेत! दरवर्षी चाचणीत पास होतो तो. आणि बाबांचा पुरावा तो कशाला चोरेल?"

"ते त्याला विचारू. आधी माझा तर्क खरा ठरू दे. साडेबाराला हॅमर थांबतात. सव्वाला पुन्हा सुरू होतात. मधे किती वाजतात?"

"एक!"

आम्ही दोघी शॉपकडे धावलो. आत्याचं वय चौसष्ट. मी मागं पडले!

५

हॅमर थांबले की शॉपमधली शांतता अंगावर येते. पंधरा-सोळा माणसं भट्टीपासून लांब, पंख्याखाली गोल करून डबे खात बसली होती. तरणी होती, उतारवयातली होती. बगळाकाका क्रेनवरून उतरून त्यांच्यात बसला होता. त्याच्या मांडीला लागून ती नेहमीची जाड कापडी पिशवी. वर केबिनमध्ये जेवण, पाणी, टॉवेल सगळं न्यायचा तो त्यातून.

"या, बसा," कुणीतरी म्हणालं. आम्ही बसलो.

एकला चार मिनिटं. तीन. पिशवीत काही चौकोनी होतं का? दिसत नव्हतं. दोन मिनिटं. एकजण आपल्या मुलीच्या परीक्षेची गोष्ट सांगत होता, आणि सगळे त्याच्या ओठांकडे बघत होते. एक मिनिट. आत्याचे डोळे मिटलेले.

टीं-टीं.

बारीक, स्वच्छ, अगदी आमच्या समोरून. कापडी पिशवीतून.

मी ताडकन मान वर केली. आत्यानं डोळे उघडले. आणि मग मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. पंधरा-सोळा माणसांपैकी एकाचीही मान हलली नाही. एकाचा घास थांबला नाही. मुलीची गोष्ट तशीच चालू होती. माझ्या बाजूला बसलेला, जेमतेम तिशीचा, ताजी मिशी राखलेला पोरगेला माणूस, पिशवीपासून दोन हातांवर, शांतपणे भाजीचा रस्सा पुसत होता.

पुरावा वहीत होता म्हणे! पुरावा तिथं गोल करून जेवत होता.

आत्या उठली, बगळाकाकाच्या समोर जाऊन उकिडवी बसली, म्हणजे तिचे ओठ त्याला दिसतील. हळू, एकेक शब्द तोडून म्हणाली, "भाऊ, पिशवीतला डबा वाजला आत्ता."

त्यानं पिशवीकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग सगळ्यांकडे.

"वाजला?" तो म्हणाला. "कधीपासून वाजतोय?"

"कालपासून."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

६

भट्टीमागच्या बाकावर त्यानं डबा उघडला. पट्टा तुटलेलं घड्याळ एका कोपऱ्यात पडलं होतं. निळ्या पुठ्ठ्याची वही धड होती, एकही पान फाटलेलं नव्हतं.

"चाचणीत आवाज ऐकू आला की दाबायचं बटण दहा वर्षं मी सिस्टरांचा हात बघून दाबत आलो," बगळाकाका म्हणाला. "जुन्या सिस्टरांच्या मागं काचेचं कपाट होतं. त्यात त्यांचं बोट दिसायचं. यंदा या नव्या सिस्टरांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी आवाजाची वाट बघत राहिलो, ताई. आवाज आलाच नाही. त्यांनी मुकाट्यानं आकडे लिहिले. कुणी वाचणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण कोर्टात वही उघडणार म्हटल्यावर माझं पानही उघडणार. बहिऱ्याला क्रेनवर कोण ठेवील? घरी दोन मुली शिकतायत."

"मग फाडायचं होतं तुमचं पान," मी म्हणाले. मला राग आवरत नव्हता. "बाबांचं का पळवलंत?"

त्यानं वही उघडून माझ्यासमोर धरली. डाव्या कोपऱ्यात बाबांचं नाव, खाली सव्वीस ओळी. पहिल्या पाच ओळी निरोगी. मग आकडे घसरत, घसरत थेट तळाला. त्यानं ते पान उलटलं. मागच्या बाजूला त्याचं स्वतःचं नाव होतं.

"एकाच दिवशी लागलो ना आम्ही," तो म्हणाला. "कागद एकच. माझं फाडलं की त्याचंही जातं. रात्रभर डबा वर क्रेनमध्ये ठेवला. सकाळपासून चार वेळा पान हातात धरलं. फाडता येईना, आणि परतही ठेवता येईना."

मी ते पान बोटानं सरळ केलं. आत्यानं मात्र सोडलं नाही. "भाऊ, तुमची नोकरी गेली तर आपण भांडू. पण वरून दोन टनांचं लोखंड नेताना खालचा कुणी 'थांब' म्हणून ओरडला आणि तुम्हाला ऐकूच आलं नाही तर? त्याच्याही घरी मुली असतील."

त्यानं डबा मिटून आत्याच्या हातात दिला. मग उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि फोरमनकडे जाऊन म्हणाला, "आजपासून मी वर जाणार नाही. दुसरा माणूस बघा." फोरमनला वाटलं थट्टा करतोय. पण त्यानं क्रेनची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली होती.

दोनला दहा कमी असताना साहेबांच्या सहीनिशी, सिस्टरच्या साक्षीनं वही सीलबंद झाली.

७

गुरुवारी कोर्टात कंपनीचे वकील ऐटीत उभे राहिले. वय, म्हणाले. एक्कावन्नाव्या वर्षी कान उतरतातच.

वकीलबाईंनी वही उघडली. "हॅमरजवळची सव्वीस माणसं, साहेब. बावीस जणांचे आकडे एकाच जागी कोसळलेत. यातला हा एकोणतीस वर्षांचा आहे. यालाही वय झालं म्हणायचं?"

वकील खाली बसले. बगळाकाका साक्षीला उभा राहिला आणि डब्यापासून कपाटाच्या काचेपर्यंत सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. वर म्हणाला, "माझ्या पानावरची मागची दहा वर्षं खोटी आहेत, साहेब. यंदाची एकच ओळ खरी. चोरीची काय ती शिक्षा द्या, पण ती ओळ वाचा."

मग न्यायाधीश बाबांकडे वळले. "तुम्हाला काही सांगायचंय?"

बाबा नुसते बघत राहिले. प्रश्न पुन्हा विचारला गेला, मोठ्यानं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कसनुसं हसले. वकीलबाई कागदावर लिहायला लागल्या. तेवढ्यात बगळाकाकानं पिंजऱ्यातून हात वर केला. दोन बोटं, मूठ, छातीवर थाप, मग हात हवेत आडवा. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी तशीच भराभर बोटं नाचवली. बगळाकाका म्हणाला, "तो म्हणतोय, माझं राहू द्या, आधी शॉपमधल्या पोरांच्या कानात बोळे घालायला लावा."

कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीश पुढं वाकले. "ही काय खूण आहे? कुठं शिकलात?"

"कामावरच, साहेब. क्रेनला खालून इशारे देतात ना, उचल, थांब, उतरव, त्यातूनच वाढत गेली. आता शॉपमध्ये सगळे असंच बोलतात. बारा-तेरा वर्षं झाली. तोंडानं बोलून उपयोग होत नाही."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला. मग चष्मा पुन्हा चढवून लिहायला लागले, आणि बराच वेळ लिहीत राहिले.

निकाल दीड वाजता वाचला. बाबांचे कान कामानं गेले हे मान्य. भरपाई कंपनीनं द्यायची, कानातलं यंत्रही. वहीत आकडे कोसळलेल्या बाकी एकवीस जणांची चाचणी बाहेरच्या डॉक्टरकडून महिनाभरात करायची, आणि त्यात कुणाचे कान उतरलेले निघाले तर त्याला कामावरून काढायचं नाही, पगार न तोडता दुसरं काम द्यायचं. वही लपवल्याबद्दल बगळाकाकाला सक्त ताकीद, आणि त्याचा स्वतःचा दावा दाखल करायची परवानगी.

आत्यानं माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. मागच्या बाकांवर शॉपमधली माणसं उठून उभी राहिली होती, कुणी कुणाच्या पाठीवर थापा मारत होतं, पट्टेवाला 'शांतता, शांतता' करत होता आणि त्याच्याकडे कुणीही लक्ष देत नव्हतं. ऐकू येत नव्हतं, हे कारण तरी त्यांच्याजवळ होतं!

बाबा मात्र आपल्या जागी बावरून उभे. त्यांनी माझी बाही ओढली. "काय झालं? काय म्हणाले?"

इतकी वर्षं मी त्यांच्या कानाशी ओरडत आले होते. त्या दिवशी ओरडले नाही. बगळाकाकाकडे पाहिलं. त्यानं हळूच करून दाखवलं, तसंच मी केलं. तर्जनी आभाळाकडे आणि हवेत एक गोल; शॉपमध्ये काम फत्ते झाल्याचीही हीच खूण. उचल!

बाबांनी दोन सेकंद माझ्या बोटाकडे पाहिलं आणि हसायला सुरुवात केली. आमच्यापैकी अजून कुणीच हसलं नव्हतं. या वेळी ते आमच्या आधी हसले.